माइनर लीगचे आकडे दर दोन-तीन सीझननी बिघडतात, तेव्हा काय तपासायचं

आउट ऑफ द पार्क बेसबॉल किंवा तसलाच टीम चालवायचा एखादा गेम सगळ्या माइनर लीग (मेजर लीगच्या खालच्या पातळ्या; वरून खाली ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए, सिंगल-ए) चालू ठेवून खेळणाऱ्यांची तक्रार साधारण एकसारखी असते. वर मेजर लीगमध्ये सगळं जागच्या जागी दिसतं. खाली मात्र सिंगल-ए मध्ये दरवर्षी कुणीतरी .३८० च्या वर मारतो (म्हणजे हजार खेपांत ३८० हिट), ट्रिपल-ए मधला मध्यम दर्जाचा पिचर दीडच्या इआरएवर (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर लागणारे रन) सीझन संपवतो, आणि १९ वर्षांचं पोरगं १९० इनिंग टाकून मोकळं होतं. मग सेटिंग्जमध्ये जाऊन मॉडिफायर खालीवर केले जातात. पुढचा सीझन बरा जातो, त्याच्या पुढचा चालून जातो, आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

असं वारंवार होण्याचं कारण सरळ आहे. मॉडिफायर सगळ्यात शेवटी हात लावायची गोष्ट आहे आणि बहुतेकजण सुरुवातच तिथून करतात. मॉडिफायर म्हणजे गुणक. त्या लीगमध्ये आज जे खेळाडू आहेत त्यांच्या कुवतीवर तो बसवलेला असतो. दोन ड्राफ्टनंतर (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीनंतर) खेळाडू बदलतात, गुणक तोच राहतो, आणि आकडे घसरतात. म्हणून आधी खेळाडूंचा साठा, मग मैदानं, मग पिचरांचा वापर, आणि हे सगळं बसल्यावर मॉडिफायर.

काहीही बदलण्याआधी सेव्हची एक प्रत काढा. प्रयोग सगळे त्या प्रतीवर.

आधी लीगची ओळ, मग खेळाडू

विक्रमांच्या यादीकडे बघून निदान करू नका. लीगची एकूण ओळ काढा: सरासरी, ऑन-बेस (बॅटर किती वेळा बेसवर पोचतो), स्लगिंग (दर खेपेमागे हिटमधून किती बेस मिळतात), आणि दर शंभर प्लेट अपिअरन्समागे (बॅटिंगला येण्याच्या एकूण वेळा) स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद), वॉक (चार बॉल पडून मिळालेला बेस), होम रन. २०२४ मध्ये मेजर लीगची सरासरी .२४३ होती, दर संघाच्या सामन्यामागे ४.३९ रन, स्ट्राइकआउट शंभरात २२.६ आणि वॉक ८.२. खालच्या लीग म्हणजे याचीच फिकट नक्कल असावी असं वाटतं, पण त्यांचा घाटच वेगळा आहे. सिंगल-ए मधल्या पोरांच्या हातात वेग असतो, ताबा नसतो. त्यामुळे स्ट्राइकआउटही जास्त, वॉकही जास्त, हिट-बाय-पिच (बॅटरच्या अंगाला लागलेला चेंडू) आणि वाइल्ड पिचही (कॅचरला न अडवता येणारा चेंडू) जास्त. बॅटरच्या अंगात अजून ताकद भरलेली नसते, म्हणून होम रन कमी. परिणामी ऑन-बेस आणि स्लगिंग एकमेकांच्या बरेच जवळ येतात.

तुमच्या सिंगल-ए ची ओळ (सरासरी / ऑन-बेस / स्लगिंग) .२७० / .३२५ / .४५० अशी दिसत असेल तर मूळ गोष्ट पक्की समजा: त्या लीगच्या अपेक्षित बेरजा (गेमने सीझनभरात गाठायचे एकूण आकडे) मेजर लीगच्याच ठेवल्या आहेत. आपण हाताने बनवलेल्या किंवा कुणाकडून घेतलेल्या सेटअपमध्ये हे फार वेळा सापडतं. लीग सेटिंग्जमध्ये आकडे आणि एआयचं जे पान आहे तिथे प्रत्येक लीगच्या बेरजा वेगळ्या असतात. मेजर लीगचं पान दुरुस्त केलं म्हणजे खालच्या लीग आपोआप सुधारत नाहीत, प्रत्येक लीग उघडून बघावी लागते. कंटाळवाणं काम आहे, इलाज नाही.

उद्दिष्ट म्हणून कोणतं वर्ष घेता हेही महत्त्वाचं. २०१९ मध्ये ट्रिपल-ए ला मेजर लीगचा चेंडू दिला आणि तिथले होम रन एका वर्षात दीडपटीहून जास्त झाले. २०२० मध्ये कोविडमुळे माइनर लीगचा सीझनच झाला नाही. २०२३ पासून ट्रिपल-ए च्या सगळ्या मैदानांवर बॉल की स्ट्राइक हे ठरवणारी यंत्रणा आली आणि तिथले वॉक चढले. बेस मोठे करणं आणि पिचरने बेसकडे किती वेळा वळायचं यावर मर्यादा, हे मेजर लीगने २०२३ मध्ये घेतलं, पण माइनर लीगमध्ये त्याच्या चाचण्या आधीच सुरू होत्या, त्यामुळे बेस चोरण्याचे आकडे तिथे लवकर फुगलेले दिसतात. कुठलंही एकच वर्ष उचलून कायमचं बसवलं की त्या वर्षाचा चमत्कारही कायमचा बसतो. दोन-तीन वर्षांची सरासरी घ्या, आणि ट्रिपल-ए साठी २०१९ वगळा. जुने तक्ते शोधताना एक अडचण येते: २०२१ या एका वर्षी ट्रिपल-ए च्या लीगना पूर्व-पश्चिम अशी नावं दिली होती. इंटरनॅशनल लीग आणि पॅसिफिक कोस्ट लीग ही जुनी नावं २०२२ ला परतली.

ओळ बरोबर आहे, तरी .३८० मारणारा आहेच

खरी डोकेदुखी ही. लीगची सरासरी अगदी .२४५, वॉक बरोबर, होम रन बरोबर, आणि तरी यादीच्या वरच्या टोकाला वेड्यासारखे आकडे. इथे मॉडिफायर कितीही फिरवले तरी उपयोग नाही, कारण ते सगळ्यांना सारखंच वर किंवा खाली नेतात. बिघडलेला असतो तो खेळाडूंमधला फरक.

एक छोटा हिशेब करून बघा (अ‍ॅट-बॅट म्हणजे वॉक वगैरे सोडून बॅटिंगची खेप). ४०० अ‍ॅट-बॅटमध्ये नुसत्या नशिबाने सरासरी साधारण २२ पॉइंट (म्हणजे .०२२) इकडे-तिकडे होते. नियमित खेळणाऱ्यांच्या खऱ्या कुवतीतला फरक २० पॉइंटचा धरला, तर दोन्ही मिळून (वर्गांची बेरीज, मग वर्गमूळ) पसारा ३० च्या आत येतो. दहा संघांच्या लीगमध्ये ८०-९० नियमित बॅटर असतात. एवढ्या माणसांत सगळ्यात वरचा जो असेल तो सरासरीपेक्षा पसाऱ्याच्या साधारण अडीचपट वर असतो. नियमित बॅटरांची सरासरी .२५५ धरली तर लीगचा पहिला नंबर .३२० ते .३३५ च्या दरम्यान यायला हवा. आता कुवतीतला फरक २० ऐवजी ४५ पॉइंट करा. तोच पहिला नंबर .३७५ च्या पुढे जातो, आणि लीगची एकूण ओळ मात्र तसूभरही हललेली नसते. म्हणजे दरवर्षी .३८० दिसत असेल तर त्या लीगमध्ये एकाच वेळी फार चांगले आणि फार वाईट खेळाडू कोंबलेले आहेत.

एखाद्या वर्षी विलक्षण आकडा येणं हा बिघाड समजू नका. १९५४ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलकडून जो बॉमनने ७२ होम रन मारले होते. १९७८ मध्ये पायोनियर लीगमध्ये गॅरी रेडसची सरासरी .४६२ होती. बिली हॅमिल्टनने २०१२ मध्ये हाय-ए आणि डबल-ए मिळून १५५ बेस चोरले. आपल्याकडे भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या, आणि तरी त्यांना कधी अधिकृत कसोटी मिळाली नाही. असे आकडे स्थानिक पातळीवर होतात. तुमच्या गेममध्ये दरवर्षी एक निंबाळकर निघत असेल, तेव्हा शोध घ्या.

शोध घ्यायची पद्धत सोपी आहे. लीगमधले पहिले दहा बॅटर काढा आणि त्यांची वयं बघा. सिंगल-ए मध्ये साधारण २१-२२, हाय-ए मध्ये २२-२३, डबल-ए मध्ये २४ च्या आसपास, ट्रिपल-ए मध्ये २६-२७ ही खऱ्या लीगमधली वयं. सिंगल-ए च्या पहिल्या दहात २४-२५ वर्षांचे सहा-सात जण असतील तर बढत्या अडकल्या आहेत. ज्याला जूनमध्ये हाय-ए ला पाठवायला हवं होतं तो सप्टेंबरपर्यंत खालीच बसून पिचरना झोडपतोय. याउलट पहिल्या दहात १९-२० वर्षांचे आणि रेटिंगनेही भारी असे खेळाडू असतील, तर ड्राफ्टमध्ये येणारी पोरं गरजेपेक्षा तयार आहेत किंवा बॅटरांच्या विकासाचा वेग वाढवलेला आहे. आणि वयं संमिश्र, रेटिंगही सामान्य, तरी आकडे फुगलेले, असं असेल तर मैदानांकडे वळा.

बढत्या अडकण्याचं मूळ बहुतेक वेळा वरच्या पातळीवर असतं. ट्रिपल-ए मध्ये खऱ्या आयुष्यात तिशीतले, मेजर लीगमध्ये थोडं खेळून आलेले पुष्कळजण असतात. गेममध्ये एआयने (गेमने स्वतः चालवलेल्या संघांनी) या लोकांना करारच दिले नाहीत, तर ट्रिपल-ए डबल-ए च्या पोरांनी भरतं, आणि त्यातले जे तीन-चार अनुभवी उरतात ते मेजवानी झोडतात. उलट एआयने फार जुने लोक धरून ठेवले तर खालच्यांना जागाच मिळत नाही. ऑफ-सीझनमध्ये सुटलेल्या माइनर लीग खेळाडूंची यादी उघडा. २६ ते ३२ वयाचे, ट्रिपल-ए च्या तोडीचे शंभरभर खेळाडू बेकार दिसले तर दुखणं सापडलं.

दुसरी जागा म्हणजे ड्राफ्ट आणि संघांची संख्या यांचा मेळ. २०२१ च्या फेररचनेनंतर माइनर लीगमध्ये १२० संघ उरले, चार पातळ्यांवर प्रत्येकी ३०. त्याआधी १६० होते. ड्राफ्टही त्याच सुमारास ४० फेऱ्यांवरून २० वर आला. २० फेऱ्या म्हणजे वर्षाला सहाशेच्या वर खेळाडू, त्यात परदेशातून घेतलेले वेगळे. जुनी सात पातळ्यांची रचना ठेवून ड्राफ्ट २० फेऱ्यांचा केला तर खालच्या संघांना माणसं पुरत नाहीत. गेम मग निनावी भरतीचे खेळाडू घालतो किंवा कुणालाही उचलतो, आणि चांगल्या पोरांचं फावतं. नवी रचना आणि ४० फेऱ्या असं ठेवलं तर गर्दी होते आणि बढत्या अडकतात. नियम कोणत्याही काळाचे घ्या, दोन्ही एकाच काळाचे घ्या.

वयाची मर्यादा लावून हे झटपट सोडवता येतं असं वाटतं. लावा, पण सैल. सिंगल-ए ला २३ ची घट्ट मर्यादा लावली की एआय २४ वर्षांच्या पोराला वर पाठवायच्या ऐवजी सोडून देतं, आणि दोन वर्षांत डबल-ए पोकळ होतं.

अमेरिकेतल्या सगळ्यात खालच्या कॉम्प्लेक्स लीगबद्दल फार जीव जाळू नये असं माझं मत. फ्लोरिडा आणि ॲरिझोनातल्या या लीग म्हणजे सराव मैदानांवरचे, फारसं कुणी बघायला न येणारे सामने. आपल्याकडच्या वाचकांना ही पातळी ऐकून माहीत असेल ती रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांच्यामुळे. पिट्सबर्ग पायरेट्सने २००८ मध्ये दोघांना करारबद्ध केलं आणि २००९ मध्ये ते गल्फ कोस्ट लीगमध्ये, म्हणजे आजच्या फ्लोरिडा कॉम्प्लेक्स लीगच्या आधीच्या अवतारात, उतरले. तिथे कुणी आयुष्यात पहिल्यांदा खरा कर्व्हबॉल बघत असतो, तर कुणी मोठ्या लीगचा खेळाडू दुखापतीतून सावरताना चार दिवस येऊन जातो. सामने कमी, पसारा मोठा. आकडे विचित्र असणं तिथे साहजिक आहे.

मैदानं

पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये रन जास्त होतात याचं मोठं कारण उंची. अल्बुकर्क सुमारे ५,००० फुटांवर, रेनो ४,५०० च्या आसपास, सॉल्ट लेकचं २०२४ पर्यंतचं मैदान ४,२०० च्या. विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि कमी वळतो. फ्लोरिडा स्टेट लीग याच्या दुसऱ्या टोकाला: समुद्रसपाटीची, मेजर लीगच्या सराव शिबिरांची ऐसपैस मैदानं, दमट हवा, पिचरांचं राज्य.

इथे एक सापळा आहे आणि त्यात जाणते लोकही अडकतात. तुम्ही लीगच्या अपेक्षित बेरजा पॅसिफिक कोस्ट लीगच्या खऱ्या आकड्यांवरून घेतल्या. त्या आकड्यांत उंचीचा परिणाम आधीच मुरलेला आहे. वर प्रत्येक मैदानाला १.०८, १.१२, १.१५ असे पार्क फॅक्टर (मैदानामुळे आकडे किती पटीने बदलतात ते) दिले, तर उंची दोनदा मोजली जाते. एका लीगमधल्या सगळ्या मैदानांची सरासरी १.००० च्या जवळ आहे का ते बघा. नसेल तर प्रत्येक आकड्याला त्या सरासरीने भागा. अल्बुकर्क तरीही त्याच लीगमधल्या टॅकोमापेक्षा वरच राहील, फक्त लीगची ओळ फुगणार नाही. आणि लक्षात असू द्या, बॅटर निम्मेच सामने घरच्या मैदानावर खेळतो. १.२० च्या मैदानाचा त्याच्या पूर्ण सीझनवर परिणाम १.१० च्या आसपासच दिसायला हवा.

लीगची जुनी ख्यातीही तपासून घ्या. कॅलिफोर्निया लीग म्हटलं की वाऱ्यावर उडणारे होम रन अशी समजूत आहे. ती प्रामुख्याने लँकेस्टर आणि हाय डेझर्टच्या मैदानांची देणगी होती. हाय डेझर्ट २०१६ नंतर गेलं, लँकेस्टर २०२० नंतर. २०२१ मध्ये ती लीग हाय-ए वरून सिंगल-ए ला आली. दहा वर्षांपूर्वीचे फॅक्टर आजच्या सेव्हमध्ये घालू नका.

पिचरांच्या इनिंग आणि एरर

१९० इनिंगचं दुखणं मॉडिफायरचं नाहीच. २०२१ पासून माइनर लीगचं वेळापत्रक मंगळवार ते रविवार एकाच प्रतिस्पर्ध्याशी सहा सामने आणि सोमवारी सुट्टी असं आहे, आणि सहा स्टार्टर (सामना सुरू करणारे पिचर) ठेवणं सर्रास चालतं. गेममधल्या टीम स्ट्रॅटेजीत माइनर संघांना सहा जणांचं रोटेशन (स्टार्टरची पाळी) द्या आणि पिचची (टाकायच्या चेंडूंची) मर्यादा ८०-८५ वर आणा. स्टार्टरच्या इनिंग आपसूक ११०-१३० वर येतात. 

इआरए जुळतो पण रन जुळत नाहीत, अशी तक्रार असेल तर थेट एररकडे (क्षेत्ररक्षणातल्या चुकांकडे) जा. खालच्या लीगमध्ये क्षेत्ररक्षण कच्चं असतं, अनअर्न्ड रन (पिचरच्या खात्यावर न लागणारे) मेजर लीगपेक्षा बरेच जास्त होतात. जादा इनिंगमध्ये दुसऱ्या बेसवर आयता ठेवलेला रनरही अनअर्न्डच मोजला जातो.

आता मॉडिफायर

इथवर सगळं बसलं असेल तर प्रतीवर एक पूर्ण सीझन चालवा. दहा संघ, प्रत्येकी १३२ सामने म्हणजे ६६० सामने, साधारण ५०,००० प्लेट अपिअरन्स. एवढ्या आकड्यांवर वॉकचा दर जवळपास पक्का कळतो. होम रन तीन टक्के इकडे-तिकडे होतील. ट्रिपलसारखी (तीन बेसचा हिट) दुर्मीळ गोष्ट पाच-सहा टक्क्यांनी हलली तर दुर्लक्ष करा, मॉडिफायरला हात लावू नका. महिनाभराच्या सिमवरून (गेम आपोआप चालवून बघण्यावरून) तर काहीच ठरवू नका.

गणित एवढंच: नवा मॉडिफायर म्हणजे जुना गुणिले हवा तो दर, भागिले मिळालेला दर. समजा वॉक शंभरात ११.५ हवेत, मिळाले ९.६, मॉडिफायर १.०००. उत्तर १.१९८. पण पहिल्या फेरीत १.१५ च ठेवा आणि पुन्हा सिम करा. वॉक वाढले की डाव लांबतो, स्टार्टर लवकर दमतो, मधले रिलिव्हर (स्टार्टरनंतर येणारे पिचर) आणखी वॉक देतात, आणि आकडा हिशेबापेक्षा पुढे जातो.

क्रम चुकवू नका. आधी स्ट्राइकआउट, मग वॉक आणि हिट-बाय-पिच, मग होम रन, त्यानंतर बाकीचे हिट, आणि सगळ्यात शेवटी डबल-ट्रिपल. कारण असं: शंभरात स्ट्राइकआउट २२, वॉक ११.५ आणि हिट-बाय-पिच १.५ असताना ६५ वेळा चेंडू बॅटला लागून खेळात येतो. स्ट्राइकआउट २६ केले की ६१ वेळा. होम रनच्या मॉडिफायरला हात न लावताही होम रन सहा टक्क्यांनी घटतात. होम रन आधी बसवून मग स्ट्राइकआउट बदलणारा माणूस गोल गोल फिरत राहतो. गेमला स्वतःच मॉडिफायर मोजायला लावायची सोय असेल तर सुरुवातीसाठी ती चांगली आहे, पण तीही आजच्या खेळाडूंवरच मोजते. दर ऑफ-सीझनला, ड्राफ्ट आणि सुटलेल्या खेळाडूंची भरती झाल्यावर, ती पुन्हा चालवावी लागते. त्याआधी चालवली तर अर्ध्या रिकाम्या संघांवर मोजमाप होतं.

एवढं करूनही पहिली दोन वर्षं बढत्या थोड्या वेड्यावाकड्या दिसतील. एआय खेळाडूचं मोल ठरवताना रेटिंगसोबत या वर्षीचे, गेल्या वर्षीचे आणि त्याआधीच्या वर्षीचे आकडेही धरतं, आणि तुमचे मागचे आकडे बिघडलेलेच आहेत. ज्याने फुगलेल्या लीगमध्ये .३८० मारलं तो एआयच्या लेखी अजून हिरो आहे. एआयच्या मूल्यमापनात रेटिंगचं वजन तेवढ्या काळापुरतं वाढवून आकड्यांचं कमी करा, आणि दोन स्वच्छ सीझन झाले की पूर्ववत आणा.